मापातली वीज

पुण्याहून सकाळी सुटलेली डेक्कन क्वीन लोणावळा मागे टाकून घाटात शिरते, तेव्हा डब्यातल्या कितीतरी मांड्यांवर लॅपटॉप उघडे असतात. त्यांतल्या एखाद्याला एक आखूड, जाडसर केबल जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक सीटवर मांडीशी सरकवून ठेवलेल्या काळ्या विटेत गेलेलं असतं. विटेच्या कडेला चार बारीक ठिपके, त्यांतले तीन पेटलेले. बोगदा येतो, जातो. विटेचा मालक मध्येच तिचं बटण दाबून ठिपके मोजतो, स्क्रीनचा उजेड एका पायरीने खाली आणतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्याच्या डोक्यावर दोन-तीन मीटरवरून पंचवीस हजार व्होल्टची तार धावते आहे. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली ती विजेच्याच जोरावर, आणि गेली नव्वदहून अधिक वर्षं ती हा घाट विजेवरच चढते-उतरते. अशा तारेखाली बसून माणूस आपली वीज आपल्या पिशवीत घेऊन चालला आहे. होडीतून नदी ओलांडताना पाण्याची बाटली जवळ बाळगावी तसं हे दिसतं, आणि बाटलीइतकंच ते शहाणपणाचं असतं. नदीचं सगळंच पाणी पिण्याचं नसतं. सीटजवळ सॉकेट असतं, पण ते सैल असतं, किंवा शेजाऱ्याच्या फोनने आधीच धरलेलं असतं. लांबच्या गाड्यांत तर रात्री अकरा ते पहाटे पाच सॉकेटं बंद ठेवायचा रेल्वेचा नियमच आहे.

मला विचार करावासा वाटतो तो त्या ठिपके मोजण्याचा. भिंतीतल्या सॉकेटकडे असं कुणी पाहत नाही. पाहण्यासारखं तिथे काही नसतंच. घरातली वीज मोजली जाते ती जिन्याखालच्या मीटरवर, आपल्या पाठीमागे, आणि तिचा हिशेब महिन्याने कागदावर येतो, तोवर कुठल्या दिवशी कशाला किती लागली हे सगळं एकमेकांत कालवून गेलेलं असतं. आपली भाषाही तशीच झाली आहे. आपण म्हणतो ‘लाइट आली’, ‘लाइट गेली’, जणू ती दाराशी येणारी-जाणारी पाहुणी आहे. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अवस्था आपल्याला ठाऊक असतात. ‘थोडी आहे’ असं घरच्या विजेबद्दल आपण म्हणत नाही. तांदूळ थोडे असतात, दूध थोडं असतं, गॅसचं सिलिंडर हलवून ‘आलंय संपत’ असं म्हणता येतं, वीज मात्र कधी थोडी नसते. लॅपटॉपला पॉवर बँक जोडणारा माणूस या तिसऱ्या अवस्थेत राहायला शिकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या विटेची मोठी कामगिरी वीज कुठेही नेता येण्यात नाही. तारेने विजेचं माप आपल्या नजरेआड नेलं होतं, ते या विटेने परत हातात आणून दिलं. या म्हणण्यावर घेता येतील असे आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते बहुतेक रास्त आहेत.

त्याआधी माप कुठे गेलं होतं ते पाहायला हवं. उजेड पूर्वी मापाने घरात यायचा. रेशनच्या दुकानातून रॉकेल आणायचं, ते नरसाळ्याने बाटलीत ओतायचं, कंदिलाच्या टाकीत किती उरलं ते टाकी हलवून आवाजावरून ओळखायचं. रात्री वाचत बसणाऱ्याचं लक्ष पुस्तकात असे तितकंच वातीवर असे. वात वर केली की उजेड वाढे, काच काळी होई आणि रॉकेल लवकर संपे. उजेडाचा खर्च उजेडातच दिसत होता. धान्याचंही तेच. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी ही कोष्टकं पाटीवर घोकली जात आणि कणगीत हात घातला की वर्षाचा अंदाज येई. विजेची स्वतःची गोष्टही मापानेच सुरू झाली. १८०० साली व्होल्टाने तांब्या-जस्ताच्या चकत्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यांसह एकावर एक रचून जी वीज मिळवली, ती चकत्यांच्या संख्येवर ठरत होती. जितक्या जोड्या तितका जोर. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजघर १८८२ मधलं. म्हणजे तारेतून घरोघर वाहण्याआधी ऐंशीएक वर्षं वीज ही प्रामुख्याने रचून ठेवायची, मोजायची आणि संपायची वस्तू होती. तार नंतर आली, तिने मोठी सोय केली आणि सोयीबरोबर विसरही आणला. त्या हिशेबाने पॉवर बँक ही विजेची सर्वांत जुनी चाल नव्या कपड्यांत आहे. तिच्या पोटातले लिथियम-आयनचे सेल बाजारात आले १९९१ मध्ये, सोनी कंपनीकडून. त्यांच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये, गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे असताना.

पहिला आक्षेप दुकानाच्या काउंटरवरच उभा असतो. माप परत आलं म्हणता, पण खोक्यावर लिहिलेलं माप तरी खरं आहे का? खोक्यावर ठळक छापलेलं असतं २०,००० एमएएच. लॅपटॉपच्या बॅटरीवर लिहिलेलं असतं साधारण चार-पाच हजार एमएएच. घेणारा मनात भागाकार करतो, चार वेळा चार्ज होईल असं धरून चालतो, आणि पहिल्याच प्रवासात एकदा-सव्वा वेळा चार्ज होऊन वीट थंड पडते. मग तो मापात पाप आहे म्हणतो. पाप आहेही, पण ते आकड्यात नाही, आकड्याच्या अर्धवटपणात आहे. एमएएच म्हणजे किती हंडे पाणी आहे ते. ते पाणी किती उंचीवर आहे, हे व्होल्ट सांगतो. विटेतले सेल साधारण ३.७ व्होल्टचे, लॅपटॉपला हवे असतात वीस व्होल्ट. म्हणजे वीस हजार हंडे आहेत, पण ते विहिरीच्या तळाशी आहेत आणि टाकी गच्चीवर आहे. वर चढवता चढवता त्यांचे सदतीसशे होतात आणि चढवण्याच्या खटाटोपात आणखी सांडून हाती बत्तीसशेच्या आसपास लागतात. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे यांचं माप एकच असतं. पोट भरणं एक नसतं. नुसती पायली सांगायची आणि धान्याचं नाव घ्यायचं नाही, असा हा व्यवहार आहे. धान्याचं नाव घेणारं माप विटेच्या पाठीवर बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं, ते वॅट-तासांचं. वीस हजारांना ३.७ ने गुणलं की ७४ वॅट-तास. लॅपटॉपची बॅटरी साधारण पन्नास वॅट-तासांची असते. आता गणित घरच्या पोरालाही जमेल. माप खोटं असण्याच्या या आक्षेपातूनच उलट माझं म्हणणं थोडं पक्कं होतं, कारण सॉकेटने कधी कुणाला एमएएच आणि वॅट-तास यांतला फरक विचारायला लावला नव्हता. विटेने फसवलं म्हणून माणूस तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचू लागला.

चौऱ्याहत्तर वॅट-तास म्हणजे किती, हे एकदा कळलं की जगाकडे पाहण्याची मौज येते. बिलातलं एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. भरताना होणारी घट धरली तरी एका युनिटात अशा बारा विटा भरतात. युनिटला आठ रुपये पडतात असं धरलं तर एक वीट भरायला साठ-सत्तर पैसे लागतात. तीच ऊर्जा अन्नाच्या भाषेत मांडली तर चौसष्ट किलोकॅलरी होते. ज्वारीच्या एका बेताच्या भाकरीत दोनशेच्या आसपास असतात. म्हणजे पूर्वीच्या वाटसरूच्या फडक्यात बांधलेल्या एका भाकरीत आजच्या तीन पॉवर बँका मावत होत्या, आणि फडक्यात भाकऱ्या दोन-तीन तरी असत. शिदोरीचं हे गणित कळलं की दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक म्हणजे आपलं शरीर किती उधळं आहे. आणि दुसरी, आजचा लॅपटॉप किती थोडक्यात भागवतो. लिहिणं-वाचणं एवढंच काम असेल तर त्याला आठ-दहा वॅट पुरतात. एका विटेत मग सहा तासांचं लेखन होतं, म्हणजे एका भाकरीत अठरा तासांचं. याच लॅपटॉपवर व्हिडिओ जुळवायला घेतला किंवा जड खेळ लावला, की हीच वीट तासाभरात रिकामी होते. सॉकेटला जोडलेला असताना हा फरक पंख्याच्या घरघरीपलीकडे जाणवत नाही. ठिपके मोजणाऱ्याला मात्र तो जाणवतो. कुठलं काम हलकं आणि कुठलं जड हे त्याला कळू लागतं, ओझं वाहणाऱ्याला चढ कळतो तसं.

वीट आणि लॅपटॉप यांच्यातली केबल तर एक स्वतंत्र प्रकरण आहे. १९९६ मध्ये यूएसबी आली तेव्हा तिच्या पोर्टातून मिळत होते अवघे अडीच वॅट. माउस आणि कीबोर्डापुरते. आज त्याच कुळातल्या टाइप-सीच्या चपट्या, दोन्हीकडून सारख्या पोर्टातून २४० वॅटपर्यंत वीज वाहू शकते. एवढी वीज आंधळेपणाने सोडून चालत नाही. म्हणून केबल लावली की आधी बोलणी होतात. सुरुवातीला फक्त पाच व्होल्ट वाहतात. लॅपटॉप विचारतो, काय काय आहे? वीट, खानावळीतल्या वाढप्याने पदार्थ सांगावेत तशी, पाढा म्हणते: पाच, नऊ, पंधरा, वीस. लॅपटॉप वीस मागतो, किती अँपिअर हवेत ते सांगतो, वीट हो म्हणते आणि मग जोर चढतो. केबल साधी असेल तर तीन अँपिअरच्या वर जायची सोय नसते; पाच हवे असतील तर केबलच्या टोकात आपली ओळख सांगणारी इवलीशी चिप लागते. स्वस्तातली १८ किंवा २२.५ वॅटची वीट फोनच्या मापाने बनवलेली असते, तिच्या पाढ्यात बहुधा वीस हा आकडाच नसतो. मग लॅपटॉप एकतर तोंड फिरवतो, किंवा नाइलाजाने थोडंथोडं घेतो. झरा जेवढा तेवढाच उपसा, बॅटरीचा टक्का जागचा हलत नाही. कधी याहून मजेदार गोष्ट घडते. टाइप-सीच्या पोर्टाला देणंही येतं आणि घेणंही. बोलण्यांत चुकामूक झाली की लॅपटॉपच विटेला भरवू लागतो. कर्ज काढायला गेलेल्या माणसाने पेढीत ठेव ठेवून परत यावं, तसं. घाट उतरताना आजची इंजिनंही ब्रेक लावता लावता वीज तयार करून तारेला परत देतात. तिथे परत जाण्याला बचत म्हणतात आणि इथे घोटाळा. दोन्हीकडे देणारा कोण आणि घेणारा कोण हे दरवेळी ठरवावं लागतं. सॉकेट आणि प्लग यांच्यात तसा प्रश्न नव्हता. एक कायम दाता, दुसरा कायम याचक.

आता उधळपट्टीचा आक्षेप. एका बॅटरीतून दुसऱ्या बॅटरीत वीज ओतणं म्हणजे भांड्यातून भांड्यात दूध ओतत बसणं आहे, प्रत्येक वेळी काही भांड्याला चिकटणार. भिंतीतून विटेत जाताना काही उष्णता होऊन उडून जातं, विटेतून वर चढवताना काही, लॅपटॉपच्या बॅटरीत शिरताना आणखी काही. भिंतीतून शंभर निघाले तर अखेरीस पासष्ट-सत्तर पोचतात. थेट जोडलं तर पंचाऐंशीच्या आसपास पोचले असते. नाव बँक आहे, पण रुपया ठेवला की व्याज राहिलं बाजूला, पंचाऐंशी पैसे परत देणारी ही बँक. हा आक्षेप आकड्यांनी खरा आहे आणि आकड्यांनीच लहानही आहे. लॅपटॉप एकदा पूर्ण भरताना विटेच्या आडवाटेने जी जास्तीची वीज वाया जाते, ती पंधराएक वॅट-तासांची. दोन हजार वॅटचा गिझर तेवढी अर्ध्या मिनिटात खातो. शिवाय लाइट गेलेली असताना घरच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालवणं याहून लांबचा वळसा असतो: बारा व्होल्टच्या बॅटरीतून २३० व्होल्ट करायचे आणि अॅडॅप्टरने ते पुन्हा वीसवर आणायचे. पण मग याच आकड्यांनी दुसरा माणूस माझ्यावर उलटतो. तो म्हणतो, तुमच्या विटेची सगळी वीजच गिझरच्या अडीच मिनिटांची, तर तिचे ठिपके मोजून आणि स्क्रीन मंद करून तुम्ही असं काय वाचवलंत? दात कोरून पोट भरत नाही. बरोबर आहे. ठिपके मोजल्याने राज्याची वीज वाचेल असा माझा दावाच नाही. वातीवर नजर ठेवणाऱ्याने रॉकेलचा दुष्काळ हटवला नव्हता. त्याला आपला उजेड कशाचा बनलेला आहे हे ठाऊक होतं, एवढंच. वाचवणं आणि ठाऊक असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गिझरच्या अडीच मिनिटांशी तुलना करायला सुचणं, हेसुद्धा विटेच्या सोबतीनेच सुचतं.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो मला अधिक टोचतो. लॅपटॉपची बॅटरी पूर्वी खटका सरकवला की निघत असे. लांबच्या प्रवासाला जाणारा माणूस दुसरी भरलेली बॅटरी पिशवीत टाकी आणि पहिली संपली की ती बदली. २००९ च्या सुमारापासून लॅपटॉप बारीक करण्याच्या नादात बॅटरी आत बंद होत गेली. पुढे २०१५ मध्ये अॅपलचा एक लॅपटॉप तर भरण्यापासून जोडण्यापर्यंत सगळ्याला मिळून एकच टाइप-सी पोर्ट घेऊन आला. मग तीच बॅटरी आपण बाहेरून, वेगळे पैसे देऊन, वेगळ्या खोक्यात घालून, वीस टक्के घट सोसून परत विकत घेतली. पोटातलं काढून पाठीवर घेतलं. असं असेल तर विटेची स्तुती म्हणजे आधी हिरावून घेतलेलं परत मिळाल्याचे आभार मानणं नव्हे काय? यात पुष्कळ तथ्य आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्यालाच काढता-घालता आल्या पाहिजेत, म्हणजे गाडी मूळ स्टेशनाकडे वळू लागली आहे. पण त्या खटक्याच्या बॅटरीत एक गोष्ट नव्हती. ती एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलची होती. दुसऱ्याच्या लॅपटॉपला ती निरुपयोगी. आजची वीट कुणाचीही तहान भागवते, फोन, लॅपटॉप, कानातलं यंत्र, समोरच्या प्रवाशाचा कॅमेरा. एप्रिल २०२६ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना टाइप-सीने चार्ज होणं सक्तीचं झाल्याने हे सार्वजनिकपण आणखी पसरेल. डब्यात ‘जरा देता का चार्जिंगला?’ असं विचारता येणं आणि देणाऱ्याने ठिपके पाहून, क्षणभर घुटमळून, ‘घ्या ना’ म्हणणं, यात जे घडतं ते सॉकेट देण्यात घडत नाही. सॉकेट देणाऱ्याचं काही कमी होत नसतं. मोजलेल्यातलं देणं हे खरं देणं, हे आपल्याकडे भाकरीच्या बाबतीत फार पूर्वी समजलेलं आहे.

आणि धोका? ७४ वॅट-तास भाकरीच्या हिशेबाने चिल्लर वाटतात, पण एक टन वजनाची मोटार नवव्या मजल्याच्या उंचीवर उचलण्याइतकी ती ऊर्जा आहे. सहा तासांत ती हळूहळू बाहेर पडते तेव्हा अक्षरं उमटतात. दोन मिनिटांत पडली तर आग होते. सेलमधला पातळ पडदा फाटला, आतल्या आत दोन टोकं भिडली की तापमान वाढतं, वाढलेल्या तापमानाने रसायन आणखी पेटतं, आणि एक सेल शेजारच्याला पेटवत जातो. म्हणूनच विमानात शंभर वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक बरोबर नेता येते, शंभर ते एकशे साठपर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढची नाही. आणि कुठलीही असली तरी हातातल्या बॅगेत, सामानाच्या पोटात कधीच नाही. खोक्यांवर सत्तावीस हजारांच्या आसपास येऊन थांबणारे एमएएचचे आकडे हे या शंभराच्या कुंपणाला टेकून उभे आहेत. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेलं एक विमान पेटलं. माणसं घसरगुंड्यांवरून बाहेर पडली आणि वाचली. तपासात संशय पॉवर बँकेवर आला. त्यानंतर कोरियाने तिला डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, ती प्रवाशाच्या नजरेसमोरच हवी. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात तिच्यावर काही चार्ज करणंच बंद केलं. हा आक्षेप मी खोडू पाहत नाही. इतकंच म्हणेन की धोका वीजघरातही असतो, खांबावरच्या डीपीतही असतो. तो आपल्यापासून लांब असतो आणि त्याची काळजी वायरमन वाहतो. वीज जवळ घेतली की तिची काळजीही जवळ घ्यावी लागते. मोटारीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर ती ठेवायची नाही, फुगलेली वापरायची नाही, महिनोन्‌महिने पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही. तीन-चारशे, फार तर पाचशे वेळा भरून झाली की तिचा जोम ओसरतो; तेव्हा ती ओल्या कचऱ्यात टाकायची नाही. आपल्याकडे २०२२ पासून बॅटरीच्या कचऱ्याची जबाबदारी नियमाने उत्पादकावर टाकलेली आहे, पण त्याच्यापर्यंत ती पोचवायची कुणी, तर मालकाने. कंदील घरात असला की काच पुसणं आलं, वात कातरणं आलं, तो लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा टांगणं आलं. माप हातात आलं तसं हेही आलं.

यानंतरचा आक्षेप विजेचा नसून वेळेचा आहे. सॉकेटशी बांधलेला माणूस निदान गाडीत, बागेत, घाटात मोकळा होता. विटेने त्याची दोरी सोडली नाही, लांब केली. आता खंडाळ्याचे बोगदेही कचेरीत जमा झाले. खिडकीबाहेर पावसाळ्यातले ओहोळ कड्यांवरून कोसळत असतात आणि आत माणूस तक्त्याच्या चौकटी भरतो. हे खरं आहे आणि खेदाचं आहे. पण इथेही ठिपक्यांकडे पाहावंसं वाटतं. सॉकेटच्या कामाला काठ नसतो. ते झोप येईपर्यंत चालतं. विटेच्या कामाला काठ असतो. तीन ठिपक्यांचे दोन झाले, दोनाचा एक, की माणसाला ठरवावं लागतं, उरलेल्यात काय करायचं आणि काय राहू द्यायचं. अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही सक्ती कामाला आकार देते. अर्थात पिशवीत दुसरी वीट असली की हा काठही बुडतो. ज्याला थांबायचंच नाही त्याला कुठलंही माप पुरत नाही, हे मान्य करून पुढे जावं लागतं.

पुढे जाताना सगळ्यांत अवघड प्रश्न भेटतो. मापाचं हे कौतुक भरल्या पोटी चाललेलं नाही ना? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत लाइट कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे आली नाही. करोनाच्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून गावी परतून घरूनच कचेरीचं काम करणारे त्याच काळात तिथे होते. त्यांना एका ठिपक्याची किंमत कुणी निबंधातून सांगायला नको. आजही पुष्कळ ठिकाणी शेतीपंपाची वीज मापानेच येते, आठेक तास, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. आणि रात्रीच्या पाळीत शेतकरी बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने बॅटरीच्या उजेडात पाणी धरतो. त्याला विजेचं माप पुरतं ठाऊक आहे, आणि त्याने कुणी शहाणा झाला, सुखी झाला असं म्हणणं हा दुष्टपणा होईल. या आक्षेपापुढे माझं म्हणणं थोडं बदलून घ्यावं लागतं. माप दुसऱ्याच्या हातात असलं की त्याला टंचाई म्हणतात. बटण दुसरीकडे कुणीतरी दाबतं, ठिपके इथे विझतात. तेच माप स्वतःच्या हातात असलं, भरून कधी घ्यायचं, खर्च कशावर करायचा, कुणाला द्यायचं हे आपल्याला ठरवता आलं, तरच त्यातून जाण येते. पॉवर बँक लहान आहे, महाग आहे, अर्धवट आकडे सांगते, तापते, कधीतरी पेटते. पण ती माप मालकाच्या हातात देते. गच्चीवरच्या सौर पॅनलखाली बॅटरी बसवणारं घर हेच मोठ्या आकारात करू पाहतं. तिथेही संध्याकाळी कुणीतरी भिंतीवरच्या पडद्याशी जाऊन, आज किती जमा झाली, रात्र निघेल का, हे पाहून येतं. कणगीत हात घालून पाहण्यासारखंच ते आहे.

घाट उतरून गाडी कर्जतच्या सपाटीवर येते. इथून मुंबईपर्यंत घाटासारखा उतार नाही, इंजिन आता तारेकडून बहुतेक घेतच जाणार. डब्यातल्या त्या विटेवर एव्हाना दोनच ठिपके उरले आहेत, आणि दादरला उतरल्यावर लोकल आहे, मग कचेरी आहे, तिथे सॉकेटांची रांग आहे. हिशेब केला तर घाईचं काहीच कारण नाही. तरीही मालकाचं बोट कळफलकाच्या वरच्या ओळीकडे जातं आणि पडद्याचा उजेड आणखी एका पायरीने उतरतो. अक्षरं फिकट होतात, पण वाचता येतात. पडद्याच्या काचेवर आता बाहेरचं दिसू लागतं: शेतं, विजेचे मनोरे, वेगाने मागे सरकणारे खांब. वात खाली करायची ती खूण बोटांत अजून कुठेतरी शिल्लक असावी. ती कुणाकडून आली हे त्या बोटांना ठाऊक नाही.